पाळण्यातल्या पायांची बोली

१८ नोव्हेंबर १९७२. शनिवार. न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्क या रेसकोर्सवर सेक्रेटेरियट नावाचा एक तांबूस घोडा आपल्या सवयीप्रमाणे सुरुवातीला मागे रेंगाळला, मग पुढं सरकत गेला आणि साडेतीन लांबींनी जिंकला. दुसरा आलेला अँगल लाइटही त्याच्याच ट्रेनरचा, लुसियन लॉरिनचा. सेक्रेटेरियटचा जन्म ३० मार्च १९७० चा, म्हणजे त्याला पावणेतीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. शर्यतीची एकूण रक्कम २,९८,६६५ डॉलर होती आणि त्यातले १,७९,१९९ त्याच्या वाट्याला आले. पुढच्या मे महिन्यात याच घोड्यानं केंटकी डर्बी अशा वेळेत जिंकली, की तो विक्रम आजही उभा आहे. त्या डर्बीनं त्याला दिले १,५५,०५०. ज्या शर्यतीसाठी अख्खी अमेरिका दोन मिनिटं थांबते, तिच्याहून एका उपनगरातली पोरवयाच्या घोड्यांची शर्यत जास्त पैसे देत होती. आणि इतके पैसे देणारी ही शर्यत, गार्डन स्टेट स्टेक्स, त्या शनिवारनंतर त्या रूपात पुन्हा कधी झाली नाही.

तिच्याबद्दल दोन प्रश्न पडतात: इतके पैसे कशासाठी, आणि मग बंद का? रेसच्या इतिहासात हे दोन प्रश्न वेगळे ठेवले जातात. पहिल्याचं उत्तर ‘श्रीमंत मालकांची हौस’ आणि दुसऱ्याचं ‘आग लागली’. दोन्ही उत्तरं सोपी आहेत आणि दोन्ही चुकीची. माझं म्हणणं असं, की या दोन प्रश्नांना एकच उत्तर आहे. ही शर्यत वरवर खेळ असली तरी तिचं खरं काम घोड्यांचे भाव ठरवण्याचं होतं. ते भाव ज्यांच्या कामाचे होते ती माणसं आणि शर्यतीचा खर्च ज्यांच्या खिशातून निघत होता ती माणसं वेगवेगळी होती. असा व्यवहार काही काळ चालतो, झोकातही चालतो, पण पैसे भरणाऱ्याला दुसरी वाट मिळाली की कोसळतो.

आधी या वयाबद्दल. उत्तर गोलार्धात थरोब्रेड घोड्याचा वाढदिवस हिशेबापुरता १ जानेवारीला धरतात, मग तो जानेवारीत जन्मलेला असो की मे महिन्यात. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत त्यामुळे प्रत्यक्षात चार-चार महिन्यांचा फरक असलेली शिंगरं एका रांगेत उभी राहतात, आणि त्या वयात चार महिने म्हणजे हाडामासाचा मोठा फरक. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो खरं. पण पाळण्यातल्या पायांवर रोख पैसा लावायचा झाला, तर या म्हणीवर किती भरवसा ठेवायचा हे प्रत्येकाला स्वतःशीच ठरवावं लागतं. त्या अनिश्चिततेवरच या शर्यतीचा सगळा डोलारा उभा होता.

अशा शर्यतींचं मूळ सापडतं १८८८ मध्ये, न्यूयॉर्कच्या शीप्सहेड बे इथं. कोनी आयलंड जॉकी क्लबनं ‘फ्युचुरिटी’ नावाची शर्यत काढली. तिची नोंदणी शिंगरू जन्मण्याच्याही आधी, घोडी गाभण असताना करायची होती. नोंदणीची थोडी फी तेव्हा, नंतर घोडा तयार होत गेला तर टप्प्याटप्प्यानं आणखी, आणि ज्याचं शिंगरू मेलं, लंगडलं किंवा नुसतंच मंद निघालं त्याचे भरलेले पैसे गंगेला मिळाले. सगळ्यांची फी एका थैलीत, वर क्लबची भर, आणि थैलीचा मोठा वाटा पहिल्या आलेल्याला. आपल्याकडच्या भिशीची आठवण यावी असाच हा प्रकार आहे, फरक इतकाच की भिशीत प्रत्येकाची पाळी येते, इथं बहुतेकांची येतच नाही. पहिल्या वर्षी विजेत्याला सुमारे ४१ हजार डॉलर मिळाले, त्या काळात अमेरिकेत न ऐकलेली रक्कम. जिंकला प्रॉक्टर नॉट, वर बसला होता शेल्बी ‘पाइक’ बार्न्स हा कृष्णवर्णीय जॉकी. दुसरा आलेला साल्व्हेटर पुढं त्या पिढीतला सर्वांत मोठा घोडा ठरला. म्हणजे पहिल्याच फटक्यात थैली एकाकडं आणि थोरपण दुसऱ्याकडं गेलं. ही खोड या जातीच्या शर्यतींना जन्मापासूनची आहे.

न्यू जर्सीला या खेळात यायला उशीर झाला. तिथं १८९७ च्या घटनादुरुस्तीनं जुगारावर बंदी आली ती १९३९ पर्यंत टिकली. त्या वर्षी मतदारांनी घोड्यांवरच्या टोटला परवानगी दिली. मुंबई-पुण्याच्या रेसला जाणाऱ्यांना टोट ठाऊक असतंच: सगळ्यांची बाजी एका ठिकाणी जमा होते, रेसकोर्स आणि सरकार आपापला हिस्सा कापून घेतात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. यात रेसकोर्सला हरण्याची भीती नसते. त्याला माणसं हवी असतात, जितकी जास्त तितकं बरं. युजीन मोरी या न्यू जर्सीच्याच व्यावसायिकानं जागा निवडली ती हे ओळखूनच. डेलावेअर नदीच्या पलीकडच्या काठावर फिलाडेल्फिया, देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक, आणि ते ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियात रेसवर पैसे लावायची कायदेशीर सोय तेव्हा नव्हती. पूल ओलांडला की थोड्या मैलांवर मोरींचं रेसकोर्स. ते उघडलं १८ जुलै १९४२ रोजी, ऐन महायुद्धात. पोलादावर सरकारी नियंत्रण असल्यानं स्टँडमध्ये लाकडाचा सढळ वापर झाला. त्या लाकडाचं पुढं काय झालं ते येईलच.

१९५३ मध्ये मोरींनी गार्डन स्टेट स्टेक्स सुरू केली. दोन वर्षांच्या घोड्यांसाठी, एक मैल आणि वर अर्धा फर्लांग, हंगाम सरताना. फ्युचुरिटीचंच तत्त्व, पण फिलाडेल्फियाच्या टोटची भक्कम भर घालून फुगवलेलं. पहिल्याच वर्षी ती जगातली सर्वाधिक रकमेची शर्यत ठरली. बक्षिसाचे आकडे कधी गोल नसत, २,९८,६६५ सारखे वाकडेतिकडे असत. कारण उघड आहे: थैलीत किती मालकांनी किती हप्ते भरले त्यावर आकडा ठरायचा. गोल आकडा जाहिरातीचा असतो. वाकडा आकडा दिसला की समजावं, पैसा जमा करून आणलेला आहे.

त्या पहिल्या वर्षात एका मालकाच्या वहीतल्या दोन नोंदी शेजारी ठेवण्यासारख्या आहेत. हॅरी गुगेनहाइम यांच्या केन हॉय स्टेबलच्या डार्क स्टारनं मे १९५३ मध्ये केंटकी डर्बी जिंकली, तीही नेटिव्ह डान्सरसारख्या अजिंक्य घोड्याला हरवून. त्याची कमाई सुमारे ९० हजार डॉलर. त्याच वर्षी शरदात गुगेनहाइमच्याच टर्न-टूनं पहिली गार्डन स्टेट जिंकली आणि दीड लाखाहून अधिक घेऊन गेला. डर्बीची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्यांची, गार्डन स्टेटला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. तरी बाजाराच्या दृष्टीनं टर्न-टूचा विजय कमी मोलाचा नव्हता, कारण डर्बी जिंकलेला तीन वर्षांचा घोडा काय आहे हे बऱ्यापैकी कळून चुकलेलं असतं. दोन वर्षांचा घोडा अजून फक्त शक्यता असतो, आणि शक्यतेला भाव फोडणारं कुणी तरी लागतं. पुढच्याच हिवाळ्यात टर्न-टूची पायाची शीर गेली आणि त्याची शर्यतींची कारकीर्द तिथंच संपली. तो डर्बी धावलाच नाही. पण पैदाशीसाठी त्याला मागणी होती, आणि तिथं त्यानं जे केलं ते अनेक डर्बीविजेत्यांना जमलेलं नाही.

टर्न-टूचा मुलगा फर्स्ट लँडिंग यानं १९५८ ची गार्डन स्टेट जिंकली. फर्स्ट लँडिंगचा मुलगा रिव्हा रिज यानं १९७१ ची. आजोबा, बाप आणि नातू, एकाच शर्यतीच्या वीस वर्षांच्या आयुष्यात तिघं. टर्न-टूचाच दुसरा मुलगा हेल टू रीझन १९६० मध्ये दोन वर्षांच्या घोड्यांत अव्वल ठरला होता, पण सप्टेंबरात पाय मोडला म्हणून गार्डन स्टेटला उभा राहिला नाही. त्याचा मुलगा रॉबर्टो १९७२ ची एप्सम डर्बी जिंकला आणि दुसरा मुलगा हेलो याच्यापासून जो संडे सायलेन्स झाला त्यानं पुढं जपानची सगळी थरोब्रेड पैदासच बदलून टाकली. १९५५ चा विजेता प्रिन्स जॉन मुलींचा बाप म्हणून मोठा ठरला: रिव्हरमन आणि अ‍ॅलेज्ड हे दोघंही त्याच्या मुलींच्या पोटचे. ही नावं वाचकाला एरवी निरस वाटतील, पण घोड्यांच्या धंद्यात वंशावळ म्हणजे सातबारा. त्यावरची एक नोंद पुढच्या पन्नास वर्षांचा व्यवहार ठरवते.

शर्यतीच्या वजनाचा दुसरा पुरावा म्हणजे वर्षअखेरीचे मान. वीस विजेत्यांपैकी निदान ९ जणांना त्या वर्षीचा दोन वर्षांचा सर्वोत्तम नर घोडा म्हणून कुठल्या ना कुठल्या मतदानात निवडलं गेलं. १९५६ ते १९५९ अशी सलग चार वर्षं तर विजेता आणि मानकरी एकच होता: बार्बिझॉन, नादिर, फर्स्ट लँडिंग, वॉरफेअर. शर्यत हंगामाच्या शेवटी ठेवल्यानं हे साधलं. उन्हाळ्यात साराटोगाच्या शर्यतींत जे झालं ते मतदारांच्या लक्षात धूसर होई. शरदातली मोठी थैली डोळ्यांसमोर ताजी असे. एका अर्थानं मोरींनी नुसती शर्यत घातली नव्हती, परीक्षेचा शेवटचा पेपर स्वतःकडं घेतला होता.

आता यावर जो आक्षेप सरळ समोर येतो तो असा: हे भाव खरे ठरले का? डर्बीच्या मापानं पाहिलं तर उत्तर लाजिरवाणं आहे. वीसपैकी तीनच विजेते पुढच्या वर्षी केंटकी डर्बी जिंकले: कॅरी बॅक, रिव्हा रिज आणि सेक्रेटेरियट. प्रिन्स सेम, बग्ड, क्रूमन ही नावं आज रेसच्या अभ्यासकांनाही आठवून सांगावी लागतील. सर्वांत बोलकं वर्ष १९५६. त्या वर्षी कॅल्युमेट फार्मचा बार्बिझॉन जिंकला, त्या एका विजयाच्या जोरावर वर्षाचा मानकरी ठरला, आणि पैदाशीत बेताचाच निघाला. त्याच शर्यतीत बोल्ड रुलर नावाचा घोडा पार मागे फेकला गेला होता. बोल्ड रुलर पुढच्या वर्षी ‘हॉर्स ऑफ द इयर’ झाला आणि नंतर आठ वर्षं अमेरिकेतल्या पैदाशीच्या घोड्यांमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिला. त्याचा एक मुलगा सक्सेसर १९६६ ची गार्डन स्टेट जिंकला आणि दुसरा, म्हणजे सेक्रेटेरियट, शेवटची. बापाला जिथं धूळ चाखावी लागली तिथं मुलांनी दोनदा थैली उचलली.

हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातो असं वाटेल, पण जात नाही. गार्डन स्टेट अचूक कसोटी होती असा दावा मी करतच नाही. कसोटी आणि बाजार यांत फरक असतो. कसोटी चुकली की ती टाकून देतात. बाजार चुकला तरी चालू राहतो, कारण भाव बरोबर असण्यापेक्षा भाव असणं लोकांना जास्त गरजेचं असतं. केंटकीतल्या पैदाशीच्या फार्मवाल्यांना आणि सरकारी करांचा हिशेब करणाऱ्या मालकांना वर्षअखेरीस एक आकडा हवा होता. बाजारात तुरी असतानाच घरात वाटण्या ठरवायच्या, हेच या धंद्याचं रोजचं काम. गार्डन स्टेट त्यांना तो आकडा देत होती, चूक असो की बरोबर.

कॅरी बॅकची गोष्ट इथं आडवी येते आणि ती टाळणं प्रामाणिक होणार नाही. त्याचा ट्रेनर जॅक प्राइस. कॅरी बॅकची आई जॉपी ही घोडी प्राइस यांना दीडशे डॉलर रोख आणि दीडशेची थकलेली देणी माफ, अशा ३०० डॉलरांच्या सौद्यात मिळाली होती. बाप सॅगी, फी ४०० डॉलर. अशा सातशे डॉलरांच्या घोड्यानं १९६० ची गार्डन स्टेट जिंकली, पुढच्या वर्षी डर्बी आणि प्रीकनेस जिंकली आणि वर्तमानपत्रांनी त्याला लोकांचा घोडा करून टाकलं. मग ही शर्यत बड्या फार्मांची भाव ठरवण्याची जागा होती असं कसं म्हणायचं? मला वाटतं, कॅरी बॅक हाच त्याचा सर्वांत स्वच्छ दाखला आहे. ज्याच्या वंशावळीला बाजारात किंमत नव्हती त्याला एका दुपारी किंमत आली. जुन्या घराण्यातल्या घोड्याला ही शर्यत जिंकून थोडं काही मिळे. अनामिक घोड्याला सगळंच मिळे. बाजार चालतो तो दोन्ही टोकांच्या माणसांना त्याची गरज असते म्हणून.

सेक्रेटेरियटच्या बाबतीत हे यंत्र शेवटचं आणि सर्वांत जोरात फिरलं. तो ज्यांचा होता त्या मेडो स्टेबलचे संस्थापक ख्रिस्तोफर चेनेरी दीर्घ आजारी होते आणि मुलगी पेनी ट्वीडी व्हर्जिनियातला फार्म कसाबसा सांभाळत होती. १९७१ ची गार्डन स्टेट त्यांच्या रिव्हा रिजनं जिंकली, १९७२ ची सेक्रेटेरियटनं. दोन्ही वेळा ट्रेनर लॉरिन, जॉकी रॉन टर्कॉट. जानेवारी १९७३ मध्ये चेनेरी वारले आणि वारसाकर भरायची वेळ आली. फेब्रुवारीत केंटकीच्या सेथ हॅन्कॉकनं सेक्रेटेरियटचे ३२ हिस्से केले आणि प्रत्येक १,९०,००० डॉलरला विकला. एकूण ६० लाख ८० हजार, तेव्हाचा विक्रम. लक्षात घ्या, घोडा तोवर तीन वर्षांचा म्हणून एकदाही धावला नव्हता. या सगळ्या पैशाला आधार होता तो फक्त दोन वर्षांच्या वयातल्या नऊ शर्यतींचा.

यावर कुणी म्हणेल, की होपफुल, फ्युचुरिटी, लॉरेल फ्युचुरिटी या शर्यती जिंकल्यावर नोव्हेंबरच्या त्या एका दुपारनं काय फरक पडला असता? सेक्रेटेरियटच्या बाबतीत फारसा नाही, हे मान्य. तो गार्डन स्टेटला गेला नसता तरी हिस्से विकले गेले असते. पण त्या वर्षी दोन वर्षांच्या घोड्याला ‘हॉर्स ऑफ द इयर’ निवडणं ही अगदी दुर्मीळ गोष्ट घडली, आणि त्या मतदानाआधीचा शेवटचा पुरावा गार्डन स्टेटचा होता. आणि मुख्य मुद्दा एका घोड्याचा नाहीच. दोन वर्षांच्या घोड्याची सबंध किंमत त्या वर्षअखेरीस ठरते, हा जो रिवाज हॅन्कॉकनं गृहीत धरला, तो वीस वर्षांत रुजवण्यात या शर्यतीचा मोठा वाटा होता.

मग अशी शर्यत बंद का पडली? सर्वांत लोकप्रिय उत्तर आगीचं. १४ एप्रिल १९७७ रोजी शर्यती चालू असताना स्टँडला आग लागली आणि युद्धकाळातल्या त्या लाकडानं काही तासांत सगळं भस्म केलं. माणसंही दगावली. घटना भयंकर आहे आणि कथेला साजेशी आहे, त्यामुळे मागून सगळं तिच्यावर ढकललं जातं. पण तारखा बघा. दोन वर्षांच्या घोड्यांची ती शर्यत शेवटची झाली १९७२ मध्ये, आग लागली त्याच्या साडेचार वर्षांनी. जळालं ते रेसकोर्स. शर्यत आधीच गेली होती.

दुसरं उत्तर कनवाळूपणाचं: कोवळ्या हाडांच्या घोड्यांना इतक्या मोठ्या पैशासाठी पळवणं बरं नाही अशी जाणीव झाली म्हणून. टर्न-टूची शीर, हेल टू रीझनचा पाय, ही उदाहरणं खरी आहेत आणि दोन वर्षांच्या घोड्यांना किती पळवावं हा वाद आजही खराच आहे. पण त्या जाणिवेनं शर्यत बंद झाली म्हणावं तर त्याच काळात अशा बाकीच्या शर्यती कमी व्हायला हव्या होत्या. तसं झालेलं नाही. शिकागोत १९६२ पासून आर्लिंग्टन-वॉशिंग्टन फ्युचुरिटी तितकीच मोठी थैली घेऊन उभी होती, आणि ती टिकली. सद्‌बुद्धी एकाच रेसकोर्सला सुचते आणि शेजाऱ्यांना नाही, असं सहसा घडत नाही.

खरं कारण मला नदीच्या पुलावर दिसतं. गार्डन स्टेटच्या थैलीतली भर येत होती फिलाडेल्फियाच्या माणसाकडून. तो ट्रेननं किंवा गाडीनं यायचा, दोन डॉलरचं तिकीट घ्यायचा, बहुधा हरायचा. त्याच्या हरलेल्या पैशातून कापलेला हिस्सा साठून साठून कुणा गुगेनहाइमच्या किंवा चेनेरीच्या घोड्याची किंमत फुगवत होता. या व्यवहारात त्या माणसाला मिळत होती ती दुपारची करमणूक, आणि ती त्याला तोवरच विकत घ्यावी लागत होती जोवर दुसरीकडं मिळत नव्हती. १९६० चं दशक संपता संपता पेनसिल्व्हेनियानं थरोब्रेड शर्यतींना परवानगी दिली आणि शहराच्या आपल्याच बाजूला रेस सुरू झाल्या. त्याच सुमारास न्यू जर्सीनं सरकारी लॉटरी काढली. १९७१ मध्ये न्यूयॉर्क शहरात रेसकोर्सबाहेर बाजी घेणारी सरकारी दुकानं उघडली. नंतर अटलांटिक सिटीत कॅसिनो आले, तोवर खेळ संपलेलाच होता. एकेकट्या कारणानं रेसकोर्स मेलं नसतं, पण मक्तेदारीच्या जोरावर घातलेली शर्यत मक्तेदारी सैल होताच परवडेनाशी होते. आणि परवडेनासं झाल्यावर जिला आधी कात्री लागते ती अशी शर्यत, जिचा खर्च इथं आणि फायदा केंटकीत.

इथं न्याय्य आक्षेप असा, की मालकही हप्ते भरत होते, सगळा भार तिकीटवाल्यांवर नव्हता. खरं आहे, वाकडे आकडे त्याचीच साक्ष देतात. पण हप्ते भरत होते ते शर्यतीत उतरायची आशा असलेले मालक. ज्यांच्या पैदाशीच्या घोड्यांच्या फीचे आकडे या निकालांवर वर-खाली होत होते, ते फार्मवाले केवळ फार्मवाले म्हणून एक छदामही देत नव्हते. भिशी सगळ्यांत मोठा लाभ घेणाऱ्याला वगळून चालवली, की ती लवकर फुटते. गार्डन स्टेट जवळपास वीस वर्षं चालली हेच आश्चर्य.

१९८५ मध्ये रॉबर्ट ब्रेनन या शेअर दलालानं नवं, दिमाखदार स्टँड बांधून रेसकोर्स पुन्हा उघडलं. टीव्हीवरच्या जाहिरातींत हेलिकॉप्टरमधून उतरणारा हा गृहस्थ पुढं गुन्हेगारी खटल्यात दोषी ठरून तुरुंगात गेला, पण पैशाची ताकद त्याला बरोबर कळत होती. गार्डन स्टेट स्टेक्स हे नाव त्यानं तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीला दिलं. आपल्या दोन शर्यती, मग केंटकी डर्बी आणि मग आपली जर्सी डर्बी, हे सगळं जिंकणाऱ्याला २० लाख डॉलर जादा अशी घोषणा केली. स्पेंड अ बक नावाच्या घोड्यानं डर्बी जिंकल्यावर त्याच्या मालकानं प्रीकनेस या शर्यतीला, म्हणजे शंभर वर्षांच्या परंपरेला, पाठ फिरवली आणि न्यू जर्सीला येऊन एका दुपारी २६ लाख नेले. परंपरेचे रखवालदार खवळले आणि लगोलग स्वतःच बोनस द्यायला लागले. नाव परत आलं, थैलीही आली. वर्षअखेरीची, दोन वर्षांच्या घोड्यांचा भाव फोडणारी ती शर्यत आली नाही, कारण तोवर ते काम दुसऱ्या कुणीतरी उचललं होतं. २००१ मध्ये रेसकोर्स कायमचं बंद झालं आणि तिथं आता दुकानं आणि घरं आहेत.

ते काम उचललं होतं केंटकीनंच. १९८२ मध्ये जॉन गेन्स या फार्ममालकानं ब्रीडर्स कपची कल्पना मांडली. दरवर्षी प्रत्येक पैदाशीच्या घोड्यामागं त्याच्या मालकानं एका घोडीच्या फीइतकी रक्कम भरायची आणि प्रत्येक शिंगरामागं एकदा ५०० डॉलर. ज्याला भाव हवा त्यानंच बाजाराचा खर्च द्यायचा. पहिला ब्रीडर्स कप झाला १० नोव्हेंबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियात, हॉलीवूड पार्कला, आणि त्या दिवसाची पहिलीच शर्यत दोन वर्षांच्या घोड्यांची होती, दहा लाख डॉलरांची. पुढं तिचं अंतरही बहुतेक वेळा एक मैल आणि अर्धा फर्लांग असंच ठरत गेलं. ती पहिली शर्यत जिंकली चीफ्स क्राउननं. त्याची आई सिक्स क्राउन्स सेक्रेटेरियटची मुलगी.